सौम्य हवेचा जाच

भूगोलाच्या पुस्तकांना 'सौम्य' हा शब्द फार आवडतो. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बर्गन शहराचं हवामान सौम्य आहे असं ती एकमुखानं सांगतात, आणि पुरावा पाहिला तर त्यांचं म्हणणं खोडून काढता येत नाही. बर्गन साठाव्या अक्षांशाच्या थोडं उत्तरेलाच आहे. ग्रीनलंडचं दक्षिण टोक त्याच पट्ट्यात येतं, अलास्कातलं अँकरेज किंचित वर आहे, आणि तिथल्या जानेवारीबद्दल बोलताना माणसं शून्याच्या खालचेच आकडे वापरतात. बर्गनच्या जानेवारीची सरासरी मात्र शून्याच्या वर दोनेक अंश असते, जुलैची पंधराच्या आसपास. बंदर हिवाळ्यात गोठत नाही. अटलांटिक ओलांडून ईशान्येकडे येणारा उबदार सागरी प्रवाह आणि त्याच दिशेनं वाहणारे पश्चिमी वारे यांची ही कृपा. थंडी मारत नाही आणि ऊन भाजत नाही, तेव्हा या हवेला सौम्य म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? माझं मत असं की तिला जाच म्हणावं. सौम्य आणि पावसाळी हवामान हा माणसावर होणारा अत्यंत सभ्य अन्याय आहे. त्यात इजा होत नाही, म्हणून तक्रार नोंदवून घ्यायला कुणी तयार नसतं. आणि तो कधी संपत नाही, म्हणून सुटल्याचा आनंदही वाट्याला येत नाही.

कुणी म्हणेल, सौम्य हवेचा जाच बघायला बर्गनपर्यंत जायला कशाला हवं? उन्हाळ्या-हिवाळ्यातल्या तापमानाच्या फरकावरच सौम्यपणा मोजायचा असेल तर मुंबई बर्गनच्याही पुढे जाईल. बर्गनमध्ये सर्वांत थंड आणि सर्वांत उबदार महिन्यांच्या सरासरीत तेरा अंशांचं अंतर आहे, मुंबईत जेमतेम सहा अंशांचं. आकडा खरा आहे. तो मे महिन्यात संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये उभ्या असलेल्या माणसाला सांगून पाहावा, आणि सांगताना दाराजवळ उभं राहू नये. सौम्यपणाचा खरा कस पावसात लागतो. म्हणून या दोन शहरांच्या पावसाचा हिशेब शेजारी शेजारी मांडला पाहिजे.

बर्गनमध्ये वर्षाला सव्वादोन ते अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पॅरिस-बर्लिनचा माणूस हा आकडा ऐकून दचकतो. मुंबईकर दचकत नाही, कारण सांताक्रूझच्या वेधशाळेची जून ते सप्टेंबरची सरासरीच २,३०० मिलिमीटरच्या आसपास आहे आणि कुलाब्याची २,१०० च्या. आभाळानं दोन्ही शहरांना जवळपास एकाच मापानं पाणी घातलं आहे. फरक आहे तो वाटपात. मुंबईला वर्षाच्या पावसातला नव्वद टक्क्यांहून अधिक भाग चार महिन्यांत मिळतो, आणि त्या चार महिन्यांतही तो मोजक्या दिवशी भान हरपून कोसळतो. बर्गनचा पाऊस तेवढंच पाणी वर्षातल्या दोनशेहून अधिक दिवसांवर पसरतो. तो कायम नोकरीतला कारकून आहे. रोज येतो, हजेरीपटावर सही करतो, दहाएक मिलिमीटरचं काम उरकतो आणि उद्या पुन्हा येण्यासाठी निघून जातो. शरद ऋतूत कामाचा ताण थोडा वाढतो, एप्रिल-मे-जूनमध्ये थोडा कमी होतो, पण रजेवर गेला असं होत नाही. आपली वर्तमानपत्रं 'पावसाने दमदार हजेरी लावली' असा मथळा देतात. बर्गनमध्ये हा मथळा छापायचा तर रोजच छापावा लागेल, आणि 'दमदार' काढून टाकावं लागेल.

इथे माझा मुख्य मुद्दा येतो. पाऊस किती पडतो यावर शहराचं पावसाशी नातं ठरत नाही. तो किती काळ दडी मारून बसतो यावर ठरतं. मराठी माणसाकडे पावसाचं म्हणून जे काही भांडवल आहे ते सगळं पाऊस नसताना जमवलेलं आहे. सूर्य मृगात जातो तो ७-८ जूनला, पण मृगाची चर्चा सुरू होते आंब्याच्या पहिल्या पेटीबरोबर. पंचांगात प्रत्येक नक्षत्राला वाहन दिलेलं असतं: एखाद्या वर्षी आर्द्रा म्हशीवर, पुनर्वसू गाढवावर, मघा कोल्ह्यावर. बेडूक, म्हैस, हत्ती निघाले की शेतकऱ्याचा जीव भांड्यात पडतो. कोल्हा निघाला की तो आभाळाआधी पंचांगाकडे संशयानं बघतो. पुनर्वसूचा पाऊस तरणा, पुष्याचा म्हातारा, हस्ताचा हत्तीचा. ज्याची आठ महिने वाट पाहायची त्याला माणूस वय देतो, स्वभाव देतो, बसायला जनावरसुद्धा देतो. आता हे पंचांग बर्गनला नेऊन पाहा. सत्तावीसच्या सत्तावीस नक्षत्रांना बेडूकच द्यावा लागेल, आणि तोही एव्हाना कंटाळलेला असेल. तिथल्या पावसाला तारुण्य नाही की म्हातारपण नाही. तो जन्मतःच पंचेचाळीस वर्षांचा आहे. वर्षभर जो समोर बसून आहे त्याची वाट कशी पाहणार? आणि ज्याची वाट पाहिली नाही त्याच्या स्वागताला भज्यांचा घाणा कोण काढणार?

बर्गनच्या लोकांनी या परिस्थितीवर विनोद केला नाही असं नाही. एक जुना विनोद तिथे हमखास सांगितला जातो. परदेशी पाहुणा एका मुलाला विचारतो, "काय रे, इथे पाऊस कधी थांबतो का?" मुलगा म्हणतो, "ठाऊक नाही, मी अजून बाराच वर्षांचा आहे." विनोद चांगला आहे, पण त्यातला पाऊस काहीच करत नाही हे लक्षात घ्यायला हवं. तो लोकल बंद पाडत नाही, लग्नाच्या मांडवात शिरत नाही, साहेबांची गाडी हिंदमातेला बुडवत नाही. तो फक्त असतो. ज्या पावसाबद्दल सांगण्यासारखी गोष्ट एवढीच, की तो आहे, त्या पावसाखाली राहणाऱ्यांच्या संभाषणाचं काय होत असेल याची कल्पना करावी. २९ ऑक्टोबर २००६ ते २१ जानेवारी २००७ या काळात बर्गनमध्ये सलग ८५ दिवस रोज पावसाची नोंद झाली. मुंबईत असं घडलं असतं तर पंचाहत्तराव्या दिवशीच एखाद्या मंडळानं अमृतमहोत्सव ठरवून शाल-श्रीफळाची तयारी केली असती. बर्गनमध्ये कुणीतरी शांतपणे वहीत आकडा लिहिला, आणि शहाऐंशीव्या दिवशी पाऊस नाही हेही त्याच शांतपणे लिहिलं.

हा पाऊस तिथे येतो कसा हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगावं लागणार नाही. समुद्रावरून ओली हवा येते, डोंगराला अडते, वर चढते, थंड होते आणि हातातलं सगळं खाली टाकते. सह्याद्री हेच काम करतो, फक्त चार महिने आणि आरडाओरडा करून. बर्गनभोवती सात डोंगर आहेत असं तिथे परंपरेनं मोजतात. त्यातला सर्वांत उंच उल्रिकन ६४३ मीटरचा, म्हणजे आपल्या रायगडाहूनही बुटका. पण त्याच्या पाठीशी नॉर्वेची अख्खी पर्वतरांग उभी आहे, आणि ती ओलांडून आत गेलं की वर्षाला तीनशे मिलिमीटरही पाऊस न मिळणारी खोरी लागतात. तिथल्या शेतकऱ्यांनी शतकानुशतकं पाटानं पाणी आणून शेती केली. महाबळेश्वर आणि माण-खटाव यांच्यात जे आहे तेच इथेही आहे: डोंगराच्या एका बाजूला छत्री दुरुस्त करणारा पोट भरतो आणि दुसऱ्या बाजूला विहीर खणणारा.

या ओल्या शहराच्या इतिहासात दोन गोष्टी अशा आहेत की त्या कुणी रचल्या असत्या तर अतिशयोक्तीचा आरोप आला असता. पहिली म्हणजे बर्गन श्रीमंत झालं ते सुक्या मासळीवर. ज्या गावात धुतलेला रुमाल वाळण्याची खात्री देता येत नाही, त्यानं मध्ययुगात युरोपभर वाळवलेला कॉड विकला. अर्थात तो वाळवला जायचा दूर उत्तरेला, लोफोटेन बेटांवर, जिथे हिवाळ्याच्या अखेरीची थंड हवा आणि वारा मासळी कडकडीत करून देतात. बर्गनकरांनी फक्त दलाली केली. चौदाव्या शतकापासून हान्सा संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांनी तिथे ठाण मांडलं. त्यांच्या ब्रिगन धक्क्यावरच्या लाकडी इमारतींना १९७९ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशाचा दर्जा दिला. आपल्याकडे वसईपासून वर्सोव्यापर्यंत बोंबील ज्या गावात वाळतो त्याच गावात विकायला निघतो, कारण आपल्याला ऑक्टोबर ते मे असं आठ महिन्यांचं कोरडं आभाळ फुकट मिळालेलं आहे. दुसरी गोष्ट याहून नवलाची. हे पावसाचं शहर पुन्हा पुन्हा जळलं. १७०२ च्या आगीत ते बहुतेक सगळं गेलं. १९१६ च्या जानेवारीत मध्यवस्ती जळाली. १९५५ मध्ये ब्रिगनचा काही भाग जळाला. घरं लाकडाची, गल्ल्या अरुंद आणि समुद्रावरून येणारा वारा, एवढं आगीला पुरलं. दोनशे दिवस इमानेइतबारे हजर असणारा पाऊस नेमका उरलेल्या दिवसांत कुठे होता, असा प्रश्न विचारायला जागा आहे. निदान एवढं तरी सिद्ध होतं की रोजच्या हजेरीचा आणि वेळेवर उपयोगी पडण्याचा काही संबंध नसतो.

या जाचावर नॉर्वेत एक तयार उत्तर आहे. वाईट हवा नावाची गोष्ट नसते, वाईट कपडे असतात, अशा अर्थाची एक म्हण तिथे लहान मुलांना दुधाबरोबर पाजतात. बालवाडीतली पोरं अंगभर मेणकापडी झबली चढवून चिखलात लोळतात आणि कुणी त्यांना आत ओढत नाही. या म्हणीपुढे माझा युक्तिवाद कोसळेल असं वाटण्याचा संभव आहे. पण ही म्हण ज्या हवेत जन्मली त्याच हवेत खरी आहे. दहा अंशांत रेनकोट घातला तर माणूस कोरडा राहतो. तोच रेनकोट जुलैत, तीस अंशांत आणि नव्वद टक्के दमटपणात दादरला घालून पाहावा: बाहेरून पाऊस लागत नाही हे खरं, पण आतून घामानं तेच काम जास्त चोखपणे झालेलं असतं. मुंबईकराला पावसात भिजायचं की घामात, एवढीच निवड असते, आणि म्हणूनच तो छत्री घेतो, ती उलटी होते, आणि ओलाचिंब होऊन तो कचेरीत पोचतो तेव्हा त्याच्याकडे उशिराचं निर्विवाद कारण असतं. बर्गनच्या म्हणीनं नेमका हाच हक्क हिरावून घेतला आहे. हवा वाईट नसेल तर दोष कपड्यांचा, आणि कपडे वाईट असतील तर दोष ते घालणाऱ्याचा. आभाळाला मोकळं सोडून भिजलेल्यालाच आरोपी करणारी ही म्हण मला फारशी प्रेमळ वाटत नाही.

याहून गंभीर आक्षेप असा की वाटपाच्या या गमती सुरक्षित अंतरावरून सुचतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, शेकडो माणसं गेली, आणि त्या दिवसाची थट्टा करण्याची माझी इच्छा नाही. त्याच वर्षी १४ सप्टेंबरला बर्गनमध्ये एका दिवसात १५६.५ मिलिमीटर पाऊस झाला. तो तिथला उच्चांक, आणि त्यानंही दरड कोसळून माणसं दगावली. हे आकडे शेजारी ठेवले की कोणता पाऊस जास्त घातक याबद्दल वाद उरत नाही. जीव वाचवायचा असेल तर बर्गनचाच पाऊस घ्यावा, हे मी विनाअट मान्य करतो. माझा दावा जिवाबद्दल नाही, जिभेबद्दल आहे. त्या २६ जुलैला कुलाब्यात जेमतेम त्र्याहत्तर मिलिमीटर पाऊस पडला होता, म्हणजे एकाच शहराच्या दोन टोकांना दोन वेगळे पाऊस झाले. आणि आजही तो दिवस अनुभवलेला कुणीही भेटला तरी तो कुठे होता, कसा घरी पोचला, कुणी पाणी-बिस्किटं दिली, हे न विचारता सांगतो. विक्राळ पाऊस माणसाला भूतकाळ देतो. रिपरिप पाऊस फक्त कालचा दिवस देतो, आणि तोही आजच्यासारखाच असतो.

मग रिपरिप पावसाखाली बसलेल्या शहरानं केलं काय? कथा सांगता येत नाहीत, वाट पाहता येत नाही, तक्रार केली तर कपड्यांना दोष लागतो. बर्गननं जे केलं त्याचं देणं आपल्यावरही आहे, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो. १९१७ मध्ये व्हिल्हेल्म ब्यर्कनेस नावाचा भौतिकशास्त्रज्ञ जर्मनीतलं लाइपझिग सोडून बर्गनला आला. पहिलं महायुद्ध चालू होतं, लाइपझिगमध्ये खायला नव्हतं आणि त्याचे विद्यार्थी आघाडीवर जात होते. नॉर्वे तटस्थ, पण युद्धामुळे धान्याची आयात आटली होती आणि समुद्रापलीकडून येणारी हवेची माहिती ब्रिटननं गुपित करून टाकली होती. पश्चिमेकडून काय येतंय हे कळायचा मार्गच बंद. अशा वेळी ब्यर्कनेसनं सरकारला पटवलं की शेतकरी आणि कोळी यांच्यासाठी हवेचा अंदाज घरच्या घरी करता येईल; फक्त निरीक्षणाची ठिकाणं दाट हवीत. १९१८ च्या उन्हाळ्यात पश्चिम नॉर्वेच्या किनाऱ्यावर अशा ठिकाणांचं जाळं विणलं गेलं. जिथे जाल तिथे पाऊस, त्यामुळे निरीक्षकाला कामाची कमतरता पडण्याचा प्रश्न नव्हता.

ढगाखाली बसून नकाशावर रेघा मारणाऱ्या या मंडळींना हळूहळू दिसायला लागलं की बर्गनचा पाऊस वाटतो तितका एकसुरी नाही. तो टप्प्याटप्प्यानं येतो. उबदार हवेचा लोट थंड हवेवर चढतो तेव्हा लांबलचक, चिवट पाऊस, मागून थंड हवा घुसते तेव्हा थोडा वेळ जोराच्या सरी, मग उघडीप, मग पुढचा पाहुणा. दोन हवांच्या या सीमारेषेला त्यांनी युद्धाच्या बातम्यांतला शब्द उचलून 'फ्रंट' म्हटलं. व्हिल्हेल्मचा मुलगा याकोब तेव्हा विशीच्या आगेमागे होता. १९१९ मध्ये त्यानं फिरत्या आवर्तांच्या रचनेवर जेमतेम आठ पानांचा निबंध लिहिला आणि हवामानशास्त्राची दिशा बदलली. हाल्व्हर सोल्बर्ग, टोर बर्जेरॉन, काही काळ कार्ल-गुस्ताफ रॉसबी, अशी पंचविशीतली पोरं त्या गावात जमली होती. आज टीव्हीवरच्या युरोपीय नकाशात दात असलेल्या निळ्या आणि लाल रेघा दिसतात त्यांचं माहेर बर्गन आहे. माझ्या मते हे दुसरीकडे घडणं अवघड होतं. वाळवंटात पावसाचं शास्त्र सुचत नाही, कारण नमुना मिळत नाही. मुंबईत सुचणं कठीण, कारण नमुना मोजायला गेलेला माणूस नमुन्याबरोबर वाहून जातो. रोज पडणारा, पण रोज थोडा वेगळा पडणारा, माणसाला न मारणारा आणि घराबाहेरही न पडू देणारा पाऊस हाच प्रयोगशाळेला योग्य. तिथला रोजचा प्रश्नही वेगळा असतो. आपण विचारतो, पाऊस कधी सुरू होणार? याला एक तारीख पुरते. बर्गनचा कोळी विचारतो, दुपारी दोन ते चार थांबेल का? याला शास्त्र लागतं.

कलावंतांचं काय, असा प्रश्न इथे येणारच. संगीतकार एडवर्ड ग्रीग १८४३ मध्ये बर्गनमध्येच जन्मला आणि शहराजवळ पाण्याकाठी घर बांधून राहिला. शिवाय संगीत रचण्यासाठी त्यानं वेगळी छोटी झोपडी बांधली. रिपरिप पावसाखाली प्रतिभा सडते असं मी म्हणत असेन तर ग्रीग माझा दावा मोडतो. पण मी तसं म्हणत नाही. मी एवढंच दाखवतो की ग्रीगला आत बसून काम करायला जागा हवी होती आणि ती त्यानं पक्क्या छपराची बांधली. दुसरा थोर बर्गनकर म्हणजे विनोदी नाटकांचा बादशहा लुडविग होल्बर्ग, जन्म १६८४. त्याच्या विनोदाबद्दल शंका नाही, पण तरुणपणीच गाव सोडून अखेर तो कोपनहेगनला स्थायिक झाला आणि ती नाटकं त्यानं तिथेच लिहिली. कोपनहेगनमध्ये बर्गनच्या तुलनेत फारच कमी पाऊस पडतो. यावरून निष्कर्ष काढण्याचा मोह मी टाळतो, पण वाचकाला कोण अडवणार?

शेवटची कसोटी म्हणून मुंबईला बर्गनचं वेळापत्रक लावून पाहू. वर्षाचे २,३०० मिलिमीटर ३६५ दिवसांत सारखे वाटले तर दिवसाला सहा मिलिमीटरच्या थोडा वर पाऊस येतो. रूळ बुडणार नाहीत. मिठी नदी शहाण्यासारखी वाहील. हे फायदे मोठे आहेत आणि ते नाकारणं हा निव्वळ हट्ट होईल. पण दुसरी बाजूही वहीत लिहायला हवी. मे महिन्यातली नालेसफाई, तिची पाहणी, पाहणीचे फोटो आणि जूनमध्ये त्या फोटोंची आठवण, एवढा सगळा सार्वजनिक जीवनाचा मोसम नाहीसा होईल. तुळशी भरला, विहार भरला, तानसा ओसंडला, ही सात तलावांची बातमी बंद पडेल. तलाव कायम अर्धवट भरलेले राहतील आणि त्यावर कुणाला काही वाटणार नाही. पापड, कुरडया आणि सांडगे गच्चीवरून कायमचे उतरतील. मिठागरं जातील. भातालाही अडचण येईल, कारण त्याला आषाढात चिखल लागतो. वर्षभराची शिंतोडेबाजी त्याच्या कामाची नाही. आणि हे सगळं सहन करायला कुणी तयार झालाच, तर त्याला हापूसबद्दल विचारावं. कोकणातल्या कलमांना मोहोर येतो तो कोरड्या, थंडावलेल्या हवेत. पौष-माघात रोज सहा मिलिमीटर पाऊस पडला तर मोहोरावर भुरी पडेल, तुडतुडे येतील, आणि रत्नागिरी-देवगडची पेटी मुंबईत पोचण्याआधीच बाग आटोपेल. समन्यायी पाणीवाटपाचा कितीही कट्टर समर्थक असला तरी या मुद्द्यावर तो जागेवरून हलू लागतो, असा माझा अंदाज आहे.

तरीही बर्गनला नुसतं नावं ठेवून उठता येत नाही, कारण आपला चार महिन्यांचा पाऊस समजून घ्यायला आपल्याला त्याच गावच्या माणसाचा हात लागला. बर्गनच्या फ्रंटांचा आपल्या मोसमी पावसाला फारसा उपयोग नाही. आपलं गणित वेगळ्याच वाऱ्यांचं आहे. १९०४ ते १९२४ या काळात भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर हे मूळचे गणिती. मान्सून कधी दगा देणार हे आधी कसं ओळखावं, या प्रश्नापायी त्यांनी जगभरच्या वायुभाराचे आकडे एकमेकांशी ताडून पाहिले, आणि प्रशांत महासागराच्या दोन टोकांचा दाब उलट-सुलट हेलकावतो हे शोधलं. का हेलकावतो हे मात्र त्यांना सांगता आलं नाही. ते सांगितलं १९६९ मध्ये याकोब ब्यर्कनेसनं, बर्गनच्या त्याच पोरानं, जो तोवर कॅलिफोर्नियात जाऊन म्हातारा झाला होता. समुद्राचं तापणं आणि वाऱ्यांचा हेलकावा ही एकाच गोष्टीची दोन अंगं आहेत हे त्यानं दाखवलं, आणि त्या वायुचक्राला वॉकरचं नाव दिलं. दर वर्षी एप्रिलमध्ये अंदाज जाहीर होतो तेव्हा मथळ्यात येणारा एल निनो आपल्या घरात शिरला तो या वाटेनं.

वॉकर यांच्या काळात खात्याचं मुख्यालय शिमल्याला होतं; १९२८ मध्ये ते पुण्याला शिवाजीनगरात आलं, आणि पुणेकरांनी त्या इमारतीला शिमला ऑफिस म्हणून जे नाव चिकटवलं ते चौकासकट अजून टिकून आहे. तिथून निघालेल्या अंदाजाला नावं ठेवणं हा आपला जून महिन्यातला हक्काचा उद्योग. केरळात १ जून, मुंबईत ११ जून, अशा सरासरी तारखा खातं देतं. २०२५ मध्ये पाऊस मुंबईत २६ मेलाच पोचला, तर तो इतक्या लवकर कसा आला म्हणूनही आपण खात्यालाच जाब विचारला. या हक्कावर गदा आणण्याचा माझा विचार नाही. फक्त एवढंच सुचवतो की पुढल्या खेपेला अंदाज चुकला तर निम्म्या शिव्या बर्गनच्या पत्त्यावर पाठवाव्यात. तिथली माणसं त्या सावकाश वाचतील. बाहेर पाऊस असल्यामुळे ती घरातच सापडण्याची शक्यता भरपूर आहे.